शाळेच्या रकान्यात गाडीचा नंबर

(मालट्रक वजनकाट्याच्या रांगेत उभा आहे. आई स्टिअरिंगवर, मुलगी शेजारी.)

आई : पुन्हा वाच. काय लिहिलंय त्या मोठ्या कॉलेजनं?

मुलगी : तिसऱ्यांदा वाचतेय हं. ‘पत्रकारितेसाठी प्रवेश मंजूर. मात्र नियमित शालेय शिक्षण झालेलं नसल्यानं आधी एक वर्ष तयारीचा वर्ग सक्तीचा.’

आई : मग बस की एक वर्ष. बाकावर बसायची हौस तरी फिटेल.

मुलगी : कुणाची हौस? माझी की तुझी?

आई : माझी म्हण.

मुलगी : दोन्ही कॉलेजांना चार वाजेपर्यंत कळवायचंय, आई. सव्वातीन झालेत.

आई : आणि त्या दुसऱ्या, लहान कॉलेजच्या फॉर्ममध्ये काय दिवे लावलेस? शाळेच्या रकान्यात गाडीचा नंबर?

मुलगी : सवयीनं गेला हात. आठवीपासून जो कागद पुढ्यात येईल त्यावर तोच लिहितेय मी. पावती म्हणू नकोस, गेटपास म्हणू नकोस.

आई : अब्रू काढलीस माझी.

मुलगी : उलट त्यावरच मुलाखत रंगली. ऑफिसातल्या बाईंना यादीत ती शाळा सापडेना. सर म्हणाले, ही कुठली शाळा? म्हटलं, आईचा ट्रक.

आई : हसले असतील.

मुलगी : हसले. मग पाऊण तास सोडलं नाही मला. ट्रकमध्ये काय शिकलीस, म्हणाले. मी रस्ता कसा विचारायचा ते सांगितलं.

आई : त्यात काय सांगण्यासारखं?

मुलगी : एकाच्या सांगण्यावर गाडी वळवायची नाही, तिघांना विचारायचं. त्यातला एक त्याच रस्त्यानं नुकताच आलेला हवा. आणि ‘बहुतेक’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे निघायचं.

आई : हे तर कुठलाही ड्रायव्हर सांगेल.

मुलगी : कॉलेजबद्दलही मी तेच केलं. वॉचमनला विचारलं, कँटीनवालीला विचारलं, शेवटच्या वर्षाची एक मुलगी गाठली. तिथं पहिल्या महिन्यापासून बातमी आणायला बाहेर पिटाळतात. दर शनिवारी मुलंच पेपर काढतात.

आई : इमारत कशी आहे?

मुलगी : यथातथाच. जिना अंधारा आहे.

आई : बघ. लोक म्हणतील, पोरीला आधी शाळेतून काढलं आणि आता असल्या कॉलेजात घातलं.

मुलगी : कोण लोक?

आई : मीच म्हणेन. तेरा वर्षांची होतीस. तुझे बाबा गेले तेव्हा गाडी विकली असती, तर तू शाळेत राहिली असतीस. नाही विकली मी. अजून खातं ते मला.

मुलगी : विकली असतीस तर तू घरात कुढत बसली असतीस, आणि मी ते बघत. आई, बारावी बाहेरून दिली मी. प्रत्येक पेपर सुटेपर्यंत तू फाटकाबाहेर थांबलीस. माल उशिरा पोचला म्हणून बोलणी खाल्लीस. कधी बोलले नाही, आज बोलते. तू मला बरोबर घेतलंस म्हणून मी शिकले.

आई : पुढची गाडी हलली. थांब जरा. … हं. डोळे पूस आधी.

मुलगी : माझे कोरडे आहेत. तुझे पूस.

आई : लाव फोन.

मुलगी : कुठं?

आई : अंधाऱ्या जिन्याला.

मुलगी : नमस्कार बाई, प्रवेश नक्की करायचाय. हो, तीच, ट्रकवाली. आई इथंच आहे, देते. घे गं, ऑफिसातल्या बाई आहेत. तुझा होकार हवाय त्यांना.

बाई : नमस्कार. तुमची संमती आहे ना?

आई : आहे. मनापासून आहे. आणि त्या सरांना सांगा, पोरीचं बसून ऐकून घेतलंत, फार बरं वाटलं.

बाई : सांगते. आणखी काही विचारायचंय?

आई : एकच. तिला भेटायला आले तर गाडी कुठं लावू?

बाई : लावा की आत, स्कूटरच्या बाजूला.

आई : नाही हो, दहा चाकांची आहे.

बाई : मग मागच्या फाटकानं या. मैदानात लावा.