दवंडी पिटणारा देव

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी गाल सुजलेला एक किराणा दुकानदार आणि त्याची मोठी बहीण बसली होती.

“ताई, रविवारी वर्गात पोरांना काय शिकवणार?”

“बायबलमधले इब्री संदेष्टे. देवाचा न्याय.”

“छान! देव तर शहरंच्या शहरं जाळतो. मी फक्त स्वतःच्या पोराला घराबाहेर काढलं.”

“चुकलास असं कोण म्हणतंय? तुझ्या दुकानातल्या तराजूखाली लोहचुंबक लावून त्याने एका म्हातारीला मापात मारलं. खोट्या मापाची देवालाही चीडच आहे.”

“बघ!”

“पण देव आधी ओरडायला माणूस पाठवतो. त्याचं ऐकलं नाही, तर दुसरा पाठवतो. ज्याला जाळायचंच असतं तो दवंडी पिटत बसतो का, बाळ्या? गुपचूप काडी ओढतो.”

“म्हणजे नुसत्या धमक्या?”

“नुसत्या कशाला? जाळतोही. आणि मग स्वतःच रडत बसतो.”

“देव रडतो?”

“तुझा गाल कशाने सुजलाय?”

“दाढेने.”

“आणि डोळे?”

“... ताई, तू जातेस त्याच्याकडे? म्हणावं, म्हातारीचे पाय धर, तिचा माल पुरा कर आणि घरी ये. नाहीतर आज आठ वाजता मी कडी लावणार. कायमची.”

“काल तुझ्या बायकोने हेच सांगितलं त्याला. परवा शेजाऱ्याने.”

“आजचं शेवटचं!”

“आणि आठला नाही पोचला तर?”

“सायकलवर येतो गं तो. वाटेत चढ आहे. साडेआठ धर.”