सगळ्या सारख्याच बऱ्या

तोयामाच्या दवाखान्यात डॉक्टर नाहोको दोन वर्षांच्या चाचणीचे शेवटचे कागद लावत होती. पायात गोळे येणाऱ्या बारा बायका. सहाजणींना जुन्या काढ्याची खरी पूड, सहाजणींना नकली. मग बाराही जणी सारख्याच बऱ्या कशा, हे तिला उमगेना. दाराबाहेरच्या बाकावर त्यातल्याच दोघी बोलत होत्या; ती आत आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"किनुए, तुझ्या पुड्या कडू होत्या ना गं?"

"कडूजहर! तुझ्या?"

"गोड. म्हटलं, झालं, माझ्या नशिबी पिठीच."

"एकटीनंच बरं व्हायचं म्हणजे लाजच की! म्हणून तर सगळ्यांच्या पुड्या चहाच्या डब्यात ओतल्या."

नाहोकोचं पेन थांबलं.

"डॉक्टरांना कळलं तर?"

"कळतंय कसलं! डबा त्यांच्या आईंचाच आहे. चमचाही त्याच मोजून देतात."