एकाहत्तराव्या वर्षी नोकरी

अप्पर हटहून वेलिंग्टनला निघालेल्या सकाळच्या गाडीत विनया खिडकीपाशी बसली. हॉस्पिटलची ड्यूटी नऊची होती. मागच्या सीटवरून अचानक मराठी कानावर आलं. वडील आणि मुलगी बोलत होते.

“बाबा, एकाहत्तराव्या वर्षी नोकरी? लोक काय म्हणतील?”

“इथे कोण म्हणणार आहे? शेजाऱ्यांना अजून तुझं नाव नीट घेता येत नाही.”

“घरात काय कमी आहे तुम्हाला?”

“काम. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली मी, सिद्धी. आता दिवसभर तुझ्या मायक्रोवेव्हवरची वेळ बघत बसतो.”

“आज मुलाखतीत घड्याळाच्या दुकानाचा मालक भराभर इंग्रजी बोलला तर?”

“स्लोली प्लीज म्हणेन. घड्याळ काय इंग्रजीत बंद पडतं?”

“मी येते दुकानात तुमच्यासोबत.”

“नको. लेकीला सोबत घेऊन आलेल्या कारागिराला कोण कामावर ठेवेल?”

“हात थरथरतो तुमचा.”

“चहाचा कप धरताना थरथरतो. चिमटा हातात आला की नाही. काल तासभर बसून पाहिलंय.”

पेटोनी स्टेशन आलं, तसे बाबा उठले.

“थांबा बाबा.”

“आता अडवू नकोस.”

“अडवत नाही. चष्मा द्या, काचेवर बोटं उमटलीत.”

सिद्धीने ओढणीने चष्मा पुसून दिला. ते एकटेच उतरले. दारं बंद झाल्यावर तिने नवऱ्याला फोन लावला.

“नील, सोमवारपासून इराला शाळेतून तू आणायचंस. बाबांना वेळ नसणार.”