भात, नागली आणि पिसवा

...आणि वर मलाच विचारतात, "घरात एवढ्या पिसवा झाल्याच कशा?" आता कशा झाल्या! मी काय दाव्याला बांधून आणल्या? तुम्हाला सांगतो, जव्हारात भाड्याच्या दोन खोल्या, त्यात मी, बायको प्रेमला, पोरगी स्वरा आणि स्वराचे दोन ससे. पांढऱ्याचं नाव भात, तांबड्याचं नागली. आणि पिसवा किती म्हणाल तर... नकाच विचारू! ऑफिसात साहेब म्हणतात, "चंद्रकांत, सही करताना तरी खाजवायचं थांबवा."

प्रेमलाने तर निकालच दिला. "माझा नवसू शेतातला भात झोडून झाला की येणार आहे. तोवर पिसवा गेल्या तर ठीक, नाहीतर ससे जातील त्याच्याबरोबर गावाला." गावाला! नवसू म्हणजे माझा मेहुणा, मोखाड्याच्या पलीकडे राहतो, माणूस सोन्यासारखा, पण मागच्या खेपेला त्याने नागलीला मांडीवर घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि प्रेमाने विचारलं, "भाऊजी, ह्याचा रस्सा पातळ करता का घट्ट?" स्वरा त्या दिवशी जेवली नाही हो! आणि खरं सांगू? मीपण नाही जेवलो.

झालं, निघालो औषधाला. दुकानदाराने गोचिडांची पावडर काढली, म्हणे सगळ्या घरात टाका. मी म्हटलं, ते खरं, पण सशाला चालतं का? तो बघतच राहिला. "सशाला? तो तुमच्याकडे तक्रार घेऊन येणार आहे?" दुसऱ्याने कुत्र्याच्या मानेवर टाकायची नळी दिली. "एक नंबर माल! उद्या एक पिसू दिसली तर नाव बदलीन." हो बाबा, पण सशाला चालतं का? "कुत्र्याला चालतं आणि सशाला नाही? ससा काय जास्त मोठा लागून गेला?"

शेजारच्या धोंडीबाई निराळ्याच. त्यांचं म्हणणं, पेरणीआधी पालापाचोळा पेटवून राब भाजल्याशिवाय शेतातले किडे मरतात का? नाही ना? मग घरही भाजायचं! म्हणजे घमेल्यात निखारे, त्यावर निरगुडीचा ओला पाला, दारं-खिडक्या बंद... अहो, पण सशाला... तोवर धूर सुटलाच! मी दोन काखेत दोन ससे घेऊन रस्त्यावर, मागून प्रेमला खोकत, आणि पिसवा? पिसवा आमच्याच पायांना धरून बाहेर!

शेवटी ती नळी घेऊन गुरांच्या डॉक्टरांकडे गेलो. नळी बघून ते ओरडलेच. "टाकलं नाहीत ना? ह्याने पिसू राहील आणि ससा जाईल!" मी म्हटलं, नाही हो, म्हणून तर विचारायला आलो. मग त्यांनी समजावलं, पिसवा सशावर थोड्या, अंडी सगळी घरात. रोज कानाकोपरा झाडा, फरशीच्या सांदी खरवडा, गोधड्या उकळत्या पाण्यात घाला, सशाला बारीक फणी करा, पण अंघोळ अजिबात नाही, घाबरूनच मरायचा. सशाला चालतील असे थेंब देतो म्हणाले, पण वजन सांगा. मी म्हटलं, असेल दीड-एक किलो. "अंदाजाने मीठ टाकतात, औषध नाही!" आणि त्यांच्याकडचा काटा म्हशींचा, त्यावर भात बसवला तर आकडाच हलेना.

गेलो बाजारात, भाजीवाल्या जिजाबाईंकडे. काट्यावर ससा ठेवला मात्र... ही माणसं जमली! "कसा किलो?" "जोडी देणार का?" "साफ करून देता?" अहो, विकायचा नाही! "मग मोजताय कशाला?" औषध द्यायचंय! "कोणाला?" सशाला! जिजाबाई वांगी बाजूला सारत म्हणाल्या, "भाऊ, आमच्या नातवाचं पण कोणी एवढं वजन केलं नाय."

वजन सांगून थेंब आणले, सशांना टाकले, आणि मग महिनाभर तेच. झाडा, उकळा, फणी फिरवा, फणीत आलेली पिसू साबणाच्या पाण्यात बुडवा. सवय अशी लागली की साहेबांनी चहा पुढे केला तर माझ्या तोंडातून निघालं, सशाला चालतं का? आणि पिसवा? आहेतच! डॉक्टर म्हणाले, "कोषातून निघतात काही आठवडे, पण एवढ्या? सशांखाली अंथरता काय?" पेंढा. "कुठला?" मेहुण्याने दिलेला. "त्याने कुठे ठेवलेला?" बकऱ्यांच्या वरच्या माळ्यावर. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला.

सगळा पेंढा लांब नेऊन जाळला. सशांना जुनी सुती लुगडी अंथरली. झाडणं, उकळणं चालूच. आणि गेल्या रविवारी प्रेमला माझे पांढरे मोजे घालून घरभर फिरली, काळा ठिपका दिसतो का बघायला. एक नाही! तिने दोनदा बघितलं, चष्मा लावून बघितलं. "राहू देत ससे," म्हणाली. स्वरा नाचायला लागली, आणि मला... मला हो, चक्क रडू आलं.

तेवढ्यात दारात जीप थांबली. नवसू! प्रेमलाने सांगितलं, ससे इथेच राहणार. बिचारा हिरमुसला, पण क्षणभरच. "राहू दे ताई, पोरीचा जीव आहे त्यांच्यावर." आणि जीपच्या टपावरून दोन भारे खाली टाकले. "रिकाम्या हाताने कसा येऊ? नवा पेंढा आहे भाऊजी, सशांना! दव लागू नये म्हणून तिथेच बकऱ्यांच्या वर ठेवला होता."

मी प्रेमलाकडे बघितलं. प्रेमलाने भिंतीकडे बघितलं. मी म्हटलं, घ्या आत. माहेरचा पेंढा आहे... त्याला काडी लावायची छाती आहे कोणाची?