अडलेलं बदक

आई: अगं, दाबू नकोस तिला! अंडं आत फुटलं तर गेली समज.

चिमी: दाबत नाहीये, आई. निसटू नये म्हणून धरलीय.

आई: मग पंखांवरून धर. पोट पाण्यात मोकळं राहू दे. गार झालं का पाणी?

चिमी: कोमट आहे अजून.

आई: किटलीतलं थोडं ओत. कडेनं गं बाई, तिच्या अंगावर नको! सकाळपासून शेपटी ताणून कण्हतेय बिचारी, आणि मला सांगतेस आत्ता.

चिमी: मला वाटलं बसलीय. त्या म्हातारीसारखी, अंड्यांवर.

आई: म्हातारी खुडूक झालीय, ती ऊब देत बसलीय. ही ठेंगणी अडलीय. लहानपणापासून बदकं बघतेस, एवढंही कळू नये? तेल दे इकडे. हं, लागलं बोटाला. अगं बाई, केवढं मोठं! आणि हिचा जीव केवढासा. पहिलंच अंडं हे.

चिमी: वाचेल ना?

आई: मी काय देव आहे? संध्याकाळी जावईबापू यायचेत आणि आपण दोघी इथे टबाशी बसलोय. बॅग भरलीस का?

चिमी: नाही.

आई: कालपासून कानीकपाळी ओरडतेय. महिना होऊन गेला तुला येऊन. चार लोक विचारायला लागलेत. भांड्याला भांडं लागायचंच, चिमे. ते आपणहून न्यायला येतायत तर तोंड वाकडं करून बसू नये.

चिमी: आपणहून नाही. तू बोलावलंस.

आई: हो, बोलावलं! कोणीतरी शहाणपण दाखवायला नको? थांब थांब, कळ आली तिला. धर नीट. हं... हं... नाही. परत मागे गेलं.

चिमी: आई, मान टाकतेय ही.

आई: मानेखाली हात घाल. चोच पाण्यात जाऊ देऊ नकोस. मला एक कळत नाही, ह्या पोरी एवढ्यात अंड्यांवर आल्याच कशा? दिवस मोठे व्हायला लागले की येतात त्या. रात्रीचाही उजेड मिळाला तरच अशी घाई करतात. चिमे, मागे बदकांच्या खोलीत रात्री दिवा कोण लावतं?

चिमी: अजून पाणी तापवू का?

आई: पाणी राहू दे. दिवा कोण लावतं?

चिमी: मी. मुंगसाची भीती वाटते म्हणून.

आई: मुंगूस दिवसा फिरतं. मला शेंड्या लावू नकोस.

चिमी: त्यांना अंधार नको वाटत असेल, म्हणून लावते.

आई: बदकांना? अंड्यांवर बसलेलीला तर अंधारच लागतो. आणि आता आठवलं म्हणून विचारते. ती म्हातारी माझ्या अंगावर फिसकारत येते. मी तिला पिल्लापासून वाढवली, तरी माझ्यावर! आणि तू आत गेलीस की पीससुद्धा हलवत नाही. एवढी सवय कधी झाली तिला तुझी?

चिमी: रात्री.

आई: म्हणजे?

चिमी: तू झोपलीस की मी तिथे जाऊन झोपते. पोत्यांवर.

आई: घरात चांगला पलंग असताना बदकांच्या घाणीत? वेड लागलंय का तुला?

चिमी: त्या खोलीची कडी आतून लागते. माझ्या खोलीची लागत नाही.

आई: आतून कडी कशाला हवी? कोण येणार आहे इथे?

चिमी: तो येईल असं वाटतं. रोज वाटतं. आणि अंधारात तर मला श्वासच घेता येत नाही.

आई: असं काय केलंय त्यांनी?

चिमी: कुठेही जायचा तर मला मधल्या खोलीत घालून बाहेरून कुलूप लावायचा. फोन घेऊन जायचा. उलट बोलले तर मेन स्विच पाडून जायचा. खिडकी नाही त्या खोलीला. एकदा दोन दिवस आलाच नाही. एक तांब्या पाणी होतं माझ्यापाशी.

आई: आणि हे तू मला आज सांगतेस?

चिमी: आल्या दिवशीच सांगायला लागले होते. तू म्हणालीस, पुरुष तापट असतात, तूच जरा गोड बोलत जा.

आई: मी असं... धर, धर! आली कळ! मान वर घे तिची. सोस गं बाई. टोक दिसतंय, चिमे!

चिमी: आई, रक्त!

आई: येऊ दे. हलवू नकोस तिला. ये गं माझे राणी, अजून थोडं, एवढंच...

(अंडं टबाच्या तळाशी जातं.)

चिमी: जिवंत आहे का?

आई: आहे. बघ, डोळा उघडला. त्या फडक्यात गुंडाळ आणि मांडीवर घेऊन बस. ऊब लागू दे.

चिमी: माझ्या दिव्यापायी मेली असती ही.

आई: तुला कुठे ठाऊक होतं? ठाऊक मला असायला हवं होतं. माझी पोर रोज रात्री घरातून उठून बदकांत जाऊन झोपते आणि मी खुशाल घोरतेय. वर बॅग भर म्हणून मागे लागलेय. डोळे फुटले होते माझे!

चिमी: रडू नकोस गं.

आई: रडायला वेळ कुठंय? फोन आण. गाडीत बसायच्या आत गाठायला हवा त्याला. मीच ये म्हटलं होतं, मीच नको म्हणून सांगते.

चिमी: तुला नाही जमणार. 'जावईबापू' म्हणून सुरुवात करशील आणि जेवायलाच थांबवून घेशील.

आई: माझे हात तेलाचे आहेत. तू नंबर लाव आणि माझ्या कानाशी धर.