जपानी आहे, काही होत नाही

…आणि वर बाबा मलाच विचारतात, गाडीची कागदपत्रं तू का उचकलीस? का उचकली! अहो, आईच्या गुडघ्याची फाइल शोधत होतो मी. दवाखान्याच्या दारात गाडी उभी, बाबा आत नंबर लावायला गेलेले, गाडी बाजूला घ्यायला मी मागच्या सीटवरून उठून स्टिअरिंगवर आलेलो, मागे दोघं हॉर्न वाजवतायत, आणि आई म्हणतेय, पुढच्या कप्प्यात बघ, तिथेच असते. मी वाकून कप्पा उघडला तर फाइल राहिली बाजूला, आईच्या मांडीवर तीन पत्रं पडली. कंपनीची. एक साधं, दुसऱ्यावर 'तातडीचे', तिसऱ्यावर लाल अक्षरांत 'अतितातडीचे', आणि मजकूर तिन्हींत तोच… आपल्या गाडीतली चालकाशेजारच्या सीटसमोरची एअरबॅग सदोष आहे, अपघातात ती उघडली तर आतला धातूचा डबा फुटून त्याचे तुकडे बसलेल्या माणसाला लागू शकतात, जीवही जाऊ शकतो, गाडी घेऊन या, फुकट बदलून देतो, तोपर्यंत त्या सीटवर कुणालाही बसवू नका.

आता त्या सीटवर कोण बसलंय? आई. पाय लांब करून. आठवड्यातून दोनदा, गेले चार महिने. आणि ती एअरबॅग कुठे? त्या कप्प्याच्या वर, एक वीतभर. म्हणजे धोक्याची सूचना या माणसाने जपून ठेवली कुठे, तर धोक्याच्याच पोटाखाली, नीट घडी घालून, तारखेप्रमाणे लावून.

मी आईला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, कंपनीची पत्रं येतात म्हणाले होते, नवीन मॉडेलची जाहिरात असते म्हणाले.

तुम्हाला सांगतो, आमच्या बाबांचं आणि त्या गाडीचं काय आहे ते तुम्हाला कळल्याशिवाय माझं डोकं का फिरलं ते कळणार नाही. आमची पहिली गाडी जपानी. अठरा वर्षं चालली. अठरा वर्षांत तिने काय मागितलं, तर तेल आणि टायर. ती विकली त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. माझी तिसरी सेमिस्टर उडाली त्या दिवशी जेवले होते, दोनदा वाढून घेतलं होतं. तर त्या गाडीच्या पुण्याईवर चार वर्षांपूर्वी ही दुसरी आली, त्याच कंपनीची, आणि पहिल्याच वर्षी हिची काच अर्ध्यावर अडकली. बाबा म्हणाले, धूळ फार आहे हवेत. दुसऱ्या वर्षी भर चौकात बंद पडली, पेट्रोलचा पंप गेला. बाबा म्हणाले, पेट्रोलच भेसळीचं मिळतं हल्ली. मागचं दार कधीकधी चालत्या गाडीत सुटतं, तर म्हणाले, तू आपटतोस. हवा खराब, पेट्रोल खराब, पोरगा खराब, पण गाडी? जपानी आहे, काही होत नाही.

आमचा मेकॅनिक आहे, उस्ताद म्हणतात त्याला सगळे. तो एकदा हात पुसत पुसत म्हणाला, "साहेब, पूर्वी जपानी गाडी माझ्याकडे आली की समजायचं, पत्ता विचारायला थांबलीय. आता आठवड्याला चार येतात. नाव तेच, माल तो नाही राहिला." बाबांनी त्या दिवसापासून उस्तादकडे जाणं सोडलं. घरी येऊन म्हणाले, त्याचा हात बिघडलाय.

आणि हे कोण बोलतंय? एकतीस वर्षं व्हॉल्व्हच्या कारखान्यात तपासनीस होते. तिथे एकच काम, समोर आलेली वस्तू बघायची, वाजवायची, आणि हिरवी चिठ्ठी किंवा लाल चिठ्ठी लावायची. रिटायर होऊन पाच वर्षं झाली, पण चिठ्ठ्या संपल्या नाहीत हो त्यांच्या. घरात नवीन बादली आली तरी वाजवणार. चादर आली, शिवण मोजणार. माझ्या मित्रांना दारातच वरपासून खालपर्यंत बघून घेणार आणि तो गेला की मला निकाल सांगणार. मी इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं तेव्हा मला वाटलं होतं ओरडतील, मारतील, काहीतरी करतील. नाही. पेपरातून मान वर केली, म्हणाले, "लाल चिठ्ठी." आणि पान उलटलं. तेवीस वर्षांचा मुलगा, दोन शब्दांत निकालात. इंजिनिअरिंग कुणी निवडलं होतं? त्यांनी. शाखा? त्यांनी. पण चूक कुणाची? मालाची. आता मी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो, दिवसाला पंधरा-वीस बंद फोन चालू करून देतो, पण घरात आलो की मी बंद.

तर अशा माणसाला कंपनी पत्र पाठवते. आणि पत्रात पहिली ओळ काय? 'आमच्याकडून निर्मितीत झालेल्या त्रुटीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' मी ती ओळ दवाखान्याच्या पार्किंगमध्ये चारदा वाचली. ज्याने बनवलं तो म्हणतोय, बनवताना माझी चूक झाली, घेऊन ये, मी नीट करतो. बनवणारे असंही बोलतात हे मला तेव्हा कळलं.

पण खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, कप्प्यात त्या पत्रांच्या खाली होती. चौथा कागद. बाबांच्या हस्ताक्षरात. यांनी कंपनीला उत्तर पाठवलं होतं! आणि त्याची प्रत ठेवली होती, कारण तपासनीस माणूस प्रतीशिवाय शिंकतसुद्धा नाही. ऐका हं… 'आपले पत्र मिळाले. सदर वाहनाची मी स्वतः तपासणी केली. एअरबॅगचे झाकण डोळ्यांनी पाहून व हाताने वाजवून तपासले. दोष आढळला नाही. सबब वाहन आणण्याची आवश्यकता वाटत नाही. आपल्या नोंदी दुरुस्त कराव्यात.' खाली सही, माजी वरिष्ठ तपासनीस. आणि सहीशेजारी हिरव्या शाईने एक बरोबरची खूण.

हाताने वाजवून! एअरबॅग! कलिंगड आहे का ते? आत स्फोट होणारा डबा आहे, आणि हा माणूस वरून टकटक करून म्हणतोय, आवाज चांगला आहे, पास.

आईला मी तिथल्या तिथे मागे बसवलं. मागे तिचा पाय लांब होत नाही. गुडघा दुमडून बसावं लागतं, आणि तो दुमडला की ती बोलत नाही, फक्त खिडकीबाहेर बघते. बाबा आले, म्हणाले, हे काय, पुढे बस. मी पत्रं दाखवली. तेव्हा ती परत कप्प्यात ठेवत म्हणाले ते, कागदपत्रं का उचकलीस. आणि मग काय म्हणाले असतील? तुम्ही म्हणा माझ्याबरोबर. जपानी आहे, काही होत नाही.

घरी येईपर्यंत मी बोलत होतो. घरी आल्यावर ओरडत होतो. बाबा शांत. अहो, हा माणूस शांत बसतो ना, तेव्हा समोरच्याला वाटतं आपणच वेडे आहोत. म्हणाले, कंपन्यांना अशी पत्रं पाठवावीच लागतात, नियम असतो, लाखात एखादी गाडी खराब निघते. म्हणाले, एकतीस वर्षं मी हेच केलं, मला शिकवू नकोस. म्हणाले, ज्याला स्वतःचं शिक्षण पूर्ण करता आलं नाही त्याने… आणि पुढचं वाक्य मला पाठ आहे, तुम्हाला सांगत नाही.

आणि तुम्हाला सांगतो, मी हरलो होतो. मला काय येतं? ओरडता येतं. ओरडणाऱ्याला ते लाल चिठ्ठी लावतात, विषय संपतो. मी मनात ठरवलं होतं की किल्लीच लपवून टाकायची. पण आई सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती, गुडघ्याला पट्टा बांधत होती, पट्ट्याकडेच बघत म्हणाली,

"तुम्ही तपासलंय ना?"

बाबा म्हणाले, "तपासलंय."

"मग परवा तुम्ही बसा पुढे. हा चालवेल. मी बसते मागे."

संपलं. एवढंच. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी नाही. पट्टा बांधून झाला आणि चहा ठेवायला उठली.

आता बघा, आमचे बाबा आयुष्यात त्या सीटवर बसलेले नाहीत. गाडी त्यांची, स्टिअरिंग त्यांचं, मी चालवायची म्हणजे फक्त दवाखान्याच्या दारातून पार्किंगपर्यंत. पण आता नाही म्हणणार कसे? नाही म्हटलं की तपासणी खोटी. तेव्हा परवा उजाडला, आणि स्वारी बसली. पट्टा लावला. मग सीट थोडी मागे घेतली. मग आणखी थोडी. मग पाठ पाडली. मी चौकात पोचेपर्यंत बाबा सीटवर जवळजवळ झोपलेले होते, आई मागून म्हणाली, अहो, माझ्या पायावर येतेय सीट. मी ब्रेकला नुसता पाय लावला की यांचे दोन्ही हात छातीसमोर. पुढे एक रिक्षा आडवी आली, काही नाही, नेहमीसारखी आली, तर यांनी तोंड माझ्या खांद्याकडे फिरवलं. माझ्या! माझ्या खांद्याकडे या माणसाने तोंड केल्याचं मला शेवटचं आठवतं ते… जाऊ दे. मी मुद्दाम विचारलं, बाबा, काय झालं? म्हणाले, ऊन येतंय डोळ्यावर. ढगाळ होतं.

मग एक गतिरोधक आला. तो मला दिसला नाही की मी मुद्दाम वेग कमी केला नाही, हे विचारू नका. गाडी धाडकन आपटली, कप्पा उघडला आणि तीनही पत्रं यांच्या मांडीवर. बाबांनी ती गोळा केली, तारखेप्रमाणे लावली, आणि समोर न बघता म्हणाले,

"जरा सर्व्हिस सेंटरकडे घे. चाकातली हवा बघून घेऊ."

मी आरशात बघितलं. आई खिडकीबाहेर बघत होती, पण हसत होती.

सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवर एक मुलगी, माझ्याच वयाची असेल. गाडीचा नंबर टाकला, म्हणाली, काका, तुम्हाला तीन पत्रं पाठवली होती, आणि तुमचं उत्तरही आलंय. स्क्रीन फिरवली. आमच्या बाबांचं हस्ताक्षर, हिरव्या खुणेसकट. म्हणाली, आमच्या ऑफिसात सगळ्यांनी वाचलं. चेष्टा नव्हती हो तिच्या आवाजात, तेच वाईट. बाबांनी हळूच विचारलं, "सगळ्यांनी?" मग तिने आणखी खाली बघितलं आणि म्हणाली, काका, याच गाडीवर अजून दोन दुरुस्त्या निघाल्या आहेत, पेट्रोलचा पंप आणि मागच्या दाराचं कुलूप. म्हणजे पेट्रोल चांगलं होतं. म्हणजे दार मी आपटत नव्हतो. मी बाबांकडे बघितलं. बाबा भिंतीवरचं घड्याळ तपासत होते.

काम व्हायला दुपार लागली. बाबांनी जुना भाग बघायला मागितला. आतून एकाने आणला, वाटीएवढा डबा, गुळगुळीत, चकचकीत. म्हणाला, यात दमट हवा जाऊन आतली दारू बिघडते. बाबांनी तो हातात घेतला, फिरवला, नख लावलं, आणि सवयीने एकदा वाजवला. मग परत केला. आईच्या शेजारी येऊन बसले आणि तिच्या पट्ट्याकडे बघत म्हणाले, "बाहेरून काही दिसत नाही गं." आई म्हणाली, "नसतं दिसत." झालं, एवढ्यावर आटपलं. येताना आई पुढे, पाय लांब, मी मागे, दार घट्ट.

तर आता तुम्हाला वाटेल, माणूस बदलला. मलाही वाटलं. आठ दिवस वाटलं. नवव्या दिवशी यांचे जुने कारखान्यातले मित्र घरी आलेले, आणि मी बाहेरच्या खोलीतून ऐकतोय, बाबा सर्व्हिसचा कागद दाखवून सांगतायत, बघा, कंपनीने स्वतःहून बोलावलं, तीन-तीन पत्रं पाठवली, फुकट बदलून दिलं. आपली चूक आपण होऊन सांगायला किती मोठं मन लागतं. कोण करतं असं? जपानी. म्हणून तर मी म्हणतो, जपानी आहे, काही होत नाही.

मित्र गेले. मी आत गेलो, समोर उभा राहिलो. म्हटलं, बाबा, चूक आपण होऊन सांगायला मोठं मन लागतं ना? म्हणाले, लागतं. म्हटलं, मग आईला सांगितलंत? मला कधी सांगाल? इंजिनिअरिंगचं, दाराचं, त्या लाल चिठ्ठीचं?

पेपरातून मान वर केली. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मला वाटलं, आता बोलतात. आणि पान उलटत म्हणाले,

"मी कुठे जपानी आहे?"