गाठ कोण बघणार?

१९९७ साली सुएस्काच्या बसथांब्यावर, बोगोटाच्या रांगेत माझ्यापुढे खांद्यावर दोर टाकून मार्लेनी उभी होती. सोबत गावातल्या चढाईच्या कड्याखाली गूळपाणी विकणारी तिची आत्या.

"आत्या, ठरलंय ना? बोगोटात दोरावर लोंबकळत टॉवरच्या काचा पुसायच्या. पगार बरा आहे."

"आणि ती लोस सांतोसची शाळा?"

"तिथे पोरांना कडे चढायला शिकवायचं. पगार म्हणजे काय, बटाटे!"

"बोगोटात तुझ्या कमरेच्या दोराची गाठ कोण बघणार?"

"मीच. मुकादम म्हणतो, दुसऱ्याची बघायला वेळ नसतो."

"सात वर्षं मी बघितल्याशिवाय तू जमीन सोडली नाहीस."

"तू तर कधी स्टुलावरही चढली नाहीस!"

"म्हणूनच नीट बघते. शाळेत कोण बघेल?"

"पोरं. पहिला धडाच तो, एकमेकांची गाठ बघायची."

"मग या रांगेत काय करतेस, बये? ती बघ, तुझ्या शाळेकडे जाणारी बुकारामांगाची गाडी निघाली, पळ!"

"माझी पिशवी!"

"पळ गं, फेकते!"

पिशवी आम्ही दोघींनी खिडकीतून आत ढकलली. रांगेतली माझी जागा गेली.

मार्लेनी अजून त्याच शाळेत शिकवते. आत्या आता नाही. सत्तराव्या वर्षी ती एकदाच कडा चढली. त्याआधी मार्लेनीने तिची गाठ दोनदा बघितली.